राजमार्गाखालची आगगाडी

हिवाळ्यातील एखाद्या पहाटे दिल्लीच्या कर्तव्य पथावर फिरावयास जावे. धुके अद्याप विरलेले नसते. विजय चौकाकडून इंडिया गेटकडे कोणी पायी निघालेले असतात, कोणी त्या कमानीभोवती सायकलीवरून फेऱ्या घालीत असतात. ज्या भूमीवरून आपण चाललो आहोत तेथून एके काळी आगगाडी धावत असे, ही गोष्ट मात्र त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असेल.

खंडाळ्याच्या घाटातील रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ साली बंद झाले, तरी त्या सोडून दिलेल्या वाटेच्या खुणा डोंगराने अजून जपल्या आहेत. दिल्लीच्या हिरवळीने तसे काहीच राखलेले नाही. येथील रूळ निरुपयोगी झाले म्हणून निघाले नाहीत. ते दृष्टीआड व्हावेत म्हणून हलविले गेले.

आग्रा-दिल्ली लोहमार्ग १९०४ साली सुरू झाला. पुढे १२ डिसेंबर १९११ रोजी पाचव्या जॉर्ज बादशहाने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा केली. नव्या नगरीच्या आखणीत एडविन लट्यन्सने रायसीना टेकडीवरील व्हाइसरॉयच्या प्रासादापासून पुराण्या किल्ल्याच्या रोखाने एक रुंद, सरळ मार्ग कल्पिला. तोच किंग्जवे. या मार्गाला आणि युद्धस्मारकाच्या षट्कोनी चौकाला आग्र्याची आगगाडी नेमकी आडवी जात होती. बादशाही वैभवाच्या चित्रात धूर ओकणारे इंजिन कसे चालावे? १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते स्मारकाची पायाभरणी झाली, तेव्हाही लोहमार्गाचे स्थलांतर पुरे व्हावयाचेच होते. अखेर तो पूर्वेस यमुनेच्या बाजूला नेण्यात आला आणि १९२४ साली नवा मार्ग खुला झाला. स्मारक पुरे होऊन त्याचे उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ रोजी झाले. गंमत अशी, की ज्या आगगाडीला राजमार्गावरून दूर सारले, तिच्याच नव्या स्थानकातून, म्हणजे नवी दिल्लीतून, त्या वर्षी व्हाइसरॉयने राजधानीत प्रवेश केला.

या नव्या लोहमार्गासाठी दोन पूल बांधण्यात आले व त्यांना मिंटो आणि हार्डिंज या व्हाइसरॉयांची नावे दिली गेली. मिंटोच्या कारकिर्दीत, १९०८ साली, लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस धाडण्यात आले. १९१४ साली ते सुटले तेव्हा हार्डिंज अधिकारावर होता. स्वातंत्र्यानंतर मिंटो पुलास शिवाजी महाराजांचे आणि हार्डिंज पुलास टिळकांचे नाव मिळाले. मथुरेकडून येणारी गाडी निजामुद्दीन सोडून नवी दिल्लीकडे निघाली, की आधी तिलक ब्रिज आणि मग शिवाजी ब्रिज लागतो. महाराष्ट्रातून प्रथमच आलेला प्रवासी या पाट्या वाचून चमकतो. त्या तेथे का आहेत याचे निम्मे उत्तर मात्र किंग्जवेच्या आखणीत दडलेले आहे.

तो किंग्जवे स्वातंत्र्यानंतर राजपथ झाला आणि ८ सप्टेंबर २०२२ रोजी कर्तव्य पथ झाला. सत्ता पालटली की पाट्या पालटतात, हे दिल्लीस नवे नाही. पण पाट्यांहून मोठा पालट पायांनी घडविला आहे. हा रस्ता बादशाही मिरवणुकीसाठी आखला गेला. प्रजेने कडेला उभे राहून पाहावे, एवढेच काम तिच्याकडे होते. आज त्याच जागी मुले चेंडू खेळतात, म्हातारी माणसे काठी टेकीत फेरी पुरी करतात, फुगेवाला गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा असतो. ज्यांच्या नजरेसाठी रूळ उखडले ते केव्हाच निघून गेले. जी माणसे त्या आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात दाटीवाटीने बसून जात असत, त्यांचीच नातवंडे-पतवंडे आता येथे पायी फिरावयास येतात.