धामणगावची माणसे आणि त्यांची मिळकत

वऱ्हाडात धामणगावे अनेक. धामणगाव बढे आहे, धामणगाव गढी आहे. आपल्या धामणगावापुढे मात्र 'रेल्वे' लागली, आणि गावाचा पुष्कळसा इतिहास त्या एका शब्दात आला. 1867 साली आगगाडी नागपुरास पोहोचली. योगायोग असा की त्याच साली वऱ्हाडात पहिली पद्धतशीर खानेसुमारी झाली.

यवतमाळास तेव्हा रूळ नव्हते. तिकडचा कापूस 29 मैलांच्या सडकेने बंड्यांतून आपल्या स्टेशनावर येई. कापूस उतरतो तिथे जिन-प्रेस उभी राहते, आणि तिच्या आसऱ्याला अडते, मापारी, मुनीम, हमाल. मारवाडी पेढीवाले आले, गुजराती व्यापारी आले. खेड्यांतून कुणबी, माळी, तेली, महार, मुसलमान आले.

ही भरभराट कोणाची, हे आकडेच सांगतात. वऱ्हाडची लोकसंख्या 1881 मध्ये 26 लाख 72 हजार, 1891 मध्ये 28 लाख 97 हजार; आणि 1901 मध्ये 27 लाख 54 हजार! मधल्या काळात 1896-97 व 1899-1900 चे दुष्काळ होऊन गेले. रुई काही खाता येत नाही. मजुरी बुडाली की ज्वारी कुठून आणायची?

आता एक गोष्ट, जिच्याकडे विद्वानांचे फारसे लक्ष जात नाही. शिरगणती होते ती बहुधा फेब्रुवारी-मार्चात, आणि 1931 पर्यंत ती एका ठरलेल्या रात्री होई. माणूस असेल तिथे मोजला जाई. तेव्हा कापसाचा हंगाम पुरता सरलेला नसे. रेच्यावर बसणारी बाई आणि गाठी उचलणारा हमाल त्या रात्री धामणगावचे. आषाढात तीच माणसे आपल्या खेड्यात निंदणाला! हे हंगामी कारखाने कायद्याच्याही बाहेरच होते. वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना 1911 च्या कायद्याने प्रथम त्याच्या कक्षेत आला.

पुढे मोजण्याची रीत सुधारली, पण जिनकामगाराचे नशीब तेच राहिले. 1981 पासून वर्षात सहा महिन्यांहून कमी काम असणाऱ्यास 'सीमान्त' कामगार म्हणतात. म्हणजे चार महिने रेच्यावर राबणारी बाई एक तर सीमान्त. नाही तर उरलेले दिवस ती शेतात राबली म्हणून शेतमजूर, आणि मग जिनचे नावच कागदावरून गेले. जिच्या हातून गावाची रुई निघाली, तिला गावाच्या आकड्यांत जागा नाही.

जातीचेही असेच. सर्व जातींची मोजदाद 1931 नंतर थांबली. तथापि 1956 साली नागपुरास धम्मदीक्षा झाली आणि 1961 च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सुमारे 27 लाख 90 हजार लोकांनी आपणास बौद्ध म्हणून नोंदविले. 1951 साली साऱ्या देशात ते दोन लाखही नव्हते. माणसाने आपला रकाना आपणच बदलल्याचे एवढे मोठे उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही. 2025 साली सरकारने पुन्हा सर्व जाती मोजण्याचे ठरविले, ते बरेच झाले.

मिळकतीचा रकाना मात्र आपल्या शिरगणतीत आजवर आलेला नाही. जिनच्या फाटकाशी उभे राहून आम्ही यादी करतो तेव्हा आधी तेच विचारतो: हंगामात किती दिवस काम लागले, रोज किती पडला, आणि पावसाळ्यात चूल कशावर पेटली.