पोलादाला मोठे भोक पाडताना : कार्बाइड दातांच्या होल सॉची ओळख

स्टेनलेस स्टीलच्या टाकीला नळ जोडायचा असो, विद्युत पॅनेलच्या पत्र्यात बटण बसवायचे असो किंवा फायबरच्या छपरातून पाइप बाहेर काढायचा असो. या सर्व कामांत नेमक्या मापाचे मोठे गोल छिद्र लागते. हातातील ड्रिल मशीन आणि नेहमीचे बिट यांच्या साह्याने साधारणपणे १३ मिलिमीटरपर्यंतची छिद्रे पाडता येतात. त्यापुढील मापांसाठी कारागीर ‘होल सॉ’ वापरतात. वाटीच्या आकाराचे आणि काठावर करवतीसारखे दात असलेले हे हत्यार छिद्राच्या जागेतील सगळा धातू कापत नाही. ते केवळ कडेची अरुंद गोल खाच कापते आणि मधली चकती अखंड बाहेर येते. ५० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रासाठी अडीच मिलिमीटर रुंदीची खाच पाडली, तर एकूण धातूपैकी जेमतेम पाचवा हिस्साच कापावा लागतो. लहानशा यंत्राने मोठे छिद्र पडते, त्यामागील गणित हे असे आहे.

साध्या लाकडासाठी आणि सौम्य पोलादासाठी नेहमीचा होल सॉ पुरेसा ठरतो. स्टेनलेस स्टील, बिडाचे ओतीव भाग, काचतंतूंचे फायबर, सिमेंट बोर्ड अशा कठीण किंवा दात झिजविणाऱ्या पदार्थांपुढे मात्र तो लवकर बोथट होतो. अशा कामांसाठी कार्बाइडचे दात लावलेले होल सॉ बाजारात मिळतात. त्यांची किंमत साध्या होल सॉच्या तुलनेत बरीच अधिक असते. तरीही पहिल्या किंवा दुसऱ्याच छिद्रात दात उडाल्याची तक्रार कार्यशाळांमधून नेहमी ऐकू येते. यात दोष बहुतेक वेळा हत्याराचा नसतो, तर त्याचा स्वभाव न ओळखता केलेल्या वापराचा असतो.

‘विडिया’ची जन्मकथा

आपल्याकडील कार्यशाळांत कार्बाइडला ‘विडिया’ याच नावाने ओळखतात. हे नाव जर्मनीतून आले आहे. विजेच्या दिव्यांतील टंगस्टनची तार ओढण्यासाठी अतिशय कठीण साचे लागत आणि हिऱ्याचे साचे परवडत नसत. त्याला पर्याय शोधताना बर्लिनच्या ओसराम कंपनीतील कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधून घट्ट करण्याची रीत विकसित केली. १९२३ मध्ये त्यासाठी पेटंटचा अर्ज करण्यात आला. पुढे क्रुप या पोलाद कंपनीने १९२६ पासून हा पदार्थ ‘विडिया’ नावाने बाजारात आणला. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांचे ते संक्षिप्त रूप होय.

टंगस्टन कार्बाइडचे सूक्ष्म कण आणि त्यांना धरून ठेवणारा कोबाल्ट यांचे मिश्रण दाबून सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजले की हा पदार्थ तयार होतो. नेहमीच्या बिटांचे हायस्पीड स्टील साधारण ६०० अंशांच्या आसपास आपले काठिण्य गमावू लागते. कार्बाइड त्याहून बऱ्याच अधिक तापमानाला टिकून राहते. मात्र या गुणाची किंमत मोजावी लागते. काठिण्य आणि चिवटपणा हे वेगळे गुण आहेत. कार्बाइडमध्ये पहिला भरपूर असतो, दुसरा कमी. झीज त्याला फारशी बाधत नाही, पण ठोका बसला की कपचा उडतो. पुढे येणारे बहुतेक सर्व नियम या एकाच गोष्टीतून निघतात.

कोणत्या पदार्थाला कोणता कटर

बाजारात प्रामुख्याने चार प्रकार आढळतात. ‘बायमेटल’ होल सॉच्या दातांची कड हायस्पीड स्टीलची असते आणि ती लवचीक पोलादाच्या पट्टीला जोडलेली असते. सौम्य पोलाद, अॅल्युमिनियम, लाकूड आणि पीव्हीसी यांसाठी हा उत्तम असून तो थोडा धक्काही सोसतो.

दुसरा प्रकार कार्बाइड दातांचा. यात पोलादी वाटीच्या काठावर कार्बाइडचे स्वतंत्र तुकडे ब्रेझिंग करून बसविलेले असतात. त्यातही दोन उपप्रकार आहेत. पत्र्यासाठीचा उथळ कटर वाटीऐवजी जाड कड्यासारखा दिसतो. पत्रा कापला जाताच कटर आत घुसू नये म्हणून अनेकदा त्याला बाहेरून कंगोरा ठेवलेला असतो. खोल कटर लाकूड, सिमेंट बोर्ड, फायबर, वीट अशा मिश्र कामांसाठी असतो. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये.

तिसऱ्या प्रकारात दात नसतात; काठावर कार्बाइडची खरखरीत पूड चिकटविलेली असते. मऊ सिरॅमिक टाइल, सिमेंट बोर्ड आणि फायबर तो घासून कापतो. चौथा प्रकार हिऱ्याच्या पुडीचा. व्हिट्रिफाइड टाइल, ग्रॅनाइट आणि काच यांसाठी तोच वापरावा. तेथे कार्बाइडचे दात लावणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय.

पत्र्याऐवजी जाड पोलादी प्लेट असेल तर होल सॉचा हट्ट सोडून चुंबकीय तळाचे ड्रिल मशीन आणि त्यावरील पोकळ कटर वापरणे श्रेयस्कर ठरते.

वेगाचे गणित

सर्वाधिक चुका वेगाबाबत होतात. महत्त्वाचा असतो तो दाताचा पदार्थावरून सरकण्याचा वेग, आणि तो व्यासावर अवलंबून असतो. तो काढण्याचे सूत्र सोपे आहे. मिनिटाला किती मीटर वेग हवा तो आकडा १००० ने गुणावा आणि त्यास व्यासाच्या ३.१४ पटीने भागावे. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा. येणारे उत्तर म्हणजे मिनिटाला फेरे.

स्टेनलेस स्टीलसाठी मिनिटाला २० मीटर हा वेग उदाहरणादाखल धरला, तर २५ मिलिमीटरच्या कटरला सुमारे २५५ फेरे, ५० मिलिमीटरला सुमारे १२७ आणि १०० मिलिमीटरला केवळ ६४ फेरे पुरतात. व्यास दुप्पट झाला की फेरे निम्मे करावेत, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच काम भागते. नेमका आकडा कटरसोबत येणाऱ्या तक्त्यातूनच घ्यावा.

आता साध्या ड्रिल मशीनकडे पाहा. पूर्ण वेगात अशी अनेक यंत्रे मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या घरात फिरतात. ५० मिलिमीटरचा कटर त्या वेगाने फिरविल्यास दाताचा वेग मिनिटाला ४४० मीटर होतो, म्हणजे हवा त्यापेक्षा बावीसपट. पत्रा निळा पडतो, ब्रेझिंगचा जोड तापतो आणि दात गळून पडतात. म्हणून ट्रिगरवर वेग कमी करता येणारे, शक्यतो गिअर असलेले यंत्र घ्यावे आणि ते सर्वांत खालच्या गिअरवर ठेवावे.

स्टेनलेस स्टीलचा स्वभाव

दूध, साखर आणि औषध उद्योगांत तसेच हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत सर्रास वापरले जाणारे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील दोन कारणांनी त्रास देते. एक तर साध्या पोलादाच्या तुलनेत त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता सुमारे एक तृतीयांशच असते. त्यामुळे घर्षणाची उष्णता दातांच्या टोकाशीच साचते. दुसरे म्हणजे घासले की त्याचा पृष्ठभाग आणखी कठीण होतो. दात न कापता नुसते घासत राहिले, तर पुढच्या फेरीत त्यांना अधिक कठीण थराशी झुंजावे लागते. यावर उपाय एकच : फेरे कमी आणि दाब सलग. भीत भीत हलका हात ठेवणारा कारागीरही कटर बोथट करतो. कीस वेढ्यांच्या स्वरूपात निघत असेल तर काम ठीक चालले आहे. नुसती पूड आणि कर्कश आवाज येऊ लागला तर थांबावे.

स्टेनलेस स्टील आणि सौम्य पोलाद यांसाठी कटिंग ऑईल लावावे. अॅल्युमिनियमसाठी कारखान्यांत पूर्वापार रॉकेल वापरले जाते. ते पेट घेणारे असल्याने ठिणगीपासून दूर ठेवावे. बीड मात्र कोरडेच कापावे, कारण त्यातील ग्रॅफाइटच वंगणाचे काम करते.

छिद्र पाडण्याची रीत

जागेवर सेंटर पंचने खूण करावी आणि पत्रा क्लॅम्पने घट्ट बांधावा. पातळ पत्र्यामागे लाकडी फळी ठेवावी. हॅमर किंवा इम्पॅक्टचा खटका बंद असल्याची खात्री करून घ्यावी. तो चालू राहिला तर कार्बाइडचे दात काही क्षणांत तुटतात.

मधले पायलट ड्रिल आधी आरपार जाते. बहुतेक दात याच क्षणी उडतात. हातावरचा जोर तसाच राहिला तर पायलट सुटताच अख्खा कटर पत्र्यावर आदळतो. म्हणून पायलट सुटण्याच्या बेतात आला की जोर कमी करावा आणि फिरता कटर हलकेच टेकवावा. संपूर्ण गोल खाच उमटल्यानंतरच दाब वाढवावा. मशीन वाकडे झाल्यास एकाच बाजूच्या दातांवर भार येतो. शक्य असेल तेथे उभ्या स्टँडचा आधार घ्यावा. खाच आरपार होताना पुन्हा हात हलका करावा. छिद्राची कड कानसेने साफ करावी.

जुने छिद्र मोठे करायचे झाल्यास पायलटला आधारच उरत नाही. अशा वेळी हव्या त्या मापाचे भोक प्लायवूडच्या तुकड्यात आधी पाडून तो तुकडा जागेवर क्लॅम्पने बांधावा आणि त्याच्याच आधाराने कटर चालवावा. या वेळी पायलट काढून टाकला तरी चालतो. लाकडात काम करताना कटर वारंवार बाहेर काढून भुसा झटकावा. पायलट पलीकडे दिसला की उरलेला काप दुसऱ्या बाजूने घ्यावा, म्हणजे कड उचकटत नाही.

मनगट आणि फुप्फुस

होल सॉ अडकला की फिरायचे थांबतो. पण मशीन थांबत नाही, ते हातासह फिरू पाहते. ४० न्यूटन-मीटर जोराचे ड्रिल मशीन २० सेंटिमीटर अंतरावरील हँडलने धरले असेल, तर कटर अडकताक्षणी त्या हाताला सुमारे वीस किलो वजनाइतका झटका बसतो. मनगट मुरगळणे, बोट मोडणे किंवा शिडीवरून तोल जाणे असे अपघात असेच घडतात. बाजूचे हँडल लावल्याशिवाय मोठा कटर चालवू नये. क्लच असल्यास तो योग्य ठिकाणी लावावा. ट्रिगर चालू स्थितीत अडकवून ठेवण्याचे बटण वापरू नये. सैल बाह्या, ओढणी, बांगड्या आणि सैल हातमोजे फिरत्या हत्याराजवळ नकोत. चष्मा आवश्यक आहे, कारण तुटलेला कार्बाइडचा कण वेगाने उडतो. टाइल कापताना पाणी वापरायचे असेल, तर वीजपुरवठा ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीमधूनच घ्यावा.

धुळीचा धोका लगेच दिसत नाही, म्हणून त्याकडे अधिक दुर्लक्ष होते. टाइल, वीट आणि सिमेंट बोर्ड यांच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. तिच्यामुळे फुप्फुसाचा सिलिकोसिस हा आजार होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. एन-९५ प्रतीचा मास्क आणि ओला काप किंवा व्हॅक्यूम यांची जोड हवी. जुन्या शेडवरील सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरलेले आहेत. अशा पत्र्याला विजेच्या हत्याराने भोक पाडू नये.

कार्बाइडचे दात घरच्या ग्राइंडरवर घासण्याचा मोहही टाळावा. साधा करडा चाक त्याला दाद देत नाही आणि कोबाल्टयुक्त धूळ फुप्फुसाला अपायकारक असते. हे काम धूळ ओढून घेण्याची सोय असलेल्या धार लावणाऱ्याकडेच द्यावे.

काँक्रीटपुढे थांबावे

विटेच्या भिंतीत चालणारा खोल कटर आरसीसीत चालेल, असा समज आढळतो. काँक्रीटमधील सळई लागताच दात तुटतात आणि झटकाही बसतो. आरसीसीतून पाइप न्यायचा असेल तर पाण्यावर चालणारा हिऱ्याचा कोअर कटर लागतो. मात्र तो सळईसुद्धा सहज कापतो आणि खरी जोखीम तेथेच असते. एअर कंडिशनरच्या पाइपसाठी तुळईत किंवा खांबात पाडलेले भोक संपूर्ण इमारतीची ताकद कमी करू शकते. तुळई, खांब आणि स्लॅब यांना हात लावण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि सोसायटीची परवानगी घेणे अनिवार्य मानावे.

खरेदी करताना

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात एकाच मापाचे कटर अनेक दरांत मिळतात. दातांचा जोड एकसारखा आहे का, सर्व दात एका पातळीत आहेत का आणि सुटे पायलट ड्रिल मिळते का, या तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. माप घेताना पाइपवरील आकड्यावर विसंबू नये. प्रत्यक्ष बाहेरचा व्यास मोजावा. पॅनेलवरील २२ मिलिमीटरच्या बटणाला २२.५ मिलिमीटरचे छिद्र लागते, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. वापर झाल्यावर कटर डब्यात स्वतंत्र ठेवावा. हत्यारांच्या पेटीत इतर लोखंडावर आपटूनही दात उडतात. झिजलेले दात टाकून देऊ नयेत. टंगस्टनमुळे कार्बाइडला भंगारातही वेगळा भाव मिळतो.

वर्षाकाठी एखाद-दुसरेच छिद्र पाडायचे असेल तर बायमेटल कटर आणि थोडा धीर यांवर भागते. रोज स्टेनलेस स्टीलशी गाठ पडणाऱ्याने मात्र कार्बाइड घ्यावे आणि ते मंद वेगाने, घट्ट धरून, ठोका न देता वापरावे. या तीन अटी पाळल्या तर कटर दीर्घकाळ टिकतो आणि तो धरणारा हातही सुरक्षित राहतो.