पंचाची शिटी आणि पडद्याची साक्ष

‘पाचांमुखी परमेश्वर’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. न्याय एकट्याच्या मर्जीवर सोडू नये, चार जाणत्यांच्या मुखातून तो यावा, असा तिचा आशय. खेळाच्या मैदानावर निवाडा देणाऱ्यास आपण पंच म्हणतो, तो शब्दही याच परंपरेतला. फुटबॉलमध्ये मात्र निर्णयाचा भार शंभराहून अधिक वर्षे एकाच माणसाच्या खांद्यावर होता. आता त्याच्या मदतीला चित्रफीत पाहणारा पंच बसला आहे. हा बदल कसा घडला आणि त्याने तंटे मिटले काय, याचा आज थोडा विचार करू.

फुटबॉलचे नियम १८६३ साली लंडनमध्ये लिहिले गेले, तेव्हा त्यांत पंचाचा उल्लेखही नव्हता. खेळणारे सभ्य गृहस्थ आहेत. वाद झालाच तर दोन्ही कर्णधार आपसांत तो मिटवतील, अशी समजूत होती. ती फार काळ टिकली नाही. प्रत्येक संघाने आपापला एक पंच आणावा, अशी चाल पडली. या दोघांचे एकमत झाले नाही, म्हणजे मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे प्रश्न सोपवला जाई. ‘सोपवणे’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरूनच त्याला ‘रेफ्री’ हे नाव मिळाले. पुढे १८९१ साली या तिसऱ्या गृहस्थाला मैदानात आणून सर्वाधिकार देण्यात आले आणि ते दोघे पंच रेषेवर जाऊन लाइनमन झाले.

अधिकार मिळाला, परंतु डोळे दोनच राहिले. ३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यात झाला. जादा वेळेत बरोबरी असताना जेफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या दांडीवर आपटून खाली आला व परत मैदानात उसळला. तो गोलरेषेपलीकडे पडला होता काय? स्वित्झर्लंडचे पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांना सांगता येईना. ते धावत सोव्हिएत संघाचे लाइनमन तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे गेले. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. मानेच्या होकारावर गोल दिला गेला आणि शेवटी इंग्लंडने ४–२ असा विजय मिळवला. अझरबैजानच्या बाकू शहरात आज बहरामोव्ह यांच्या नावाचे मैदान आहे, त्यांचा पुतळाही आहे; जर्मनीत मात्र त्या गोलाबद्दलची खंत अजून विझलेली नाही.

वीस वर्षांनंतर, २२ जून १९८६ रोजी मेक्सिको शहरात मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला. ट्युनिशियाचे पंच अली बेन्नासर यांना हात दिसला नाही. त्यांनी लाइनमनकडे पाहिले, तिकडूनही खूण आली नाही. दूरचित्रवाणीवर जगाने तो हात पाहिला. ज्याला निवाडा करायचा होता, तो तेवढा त्यास मुकला. पुढे २०१५ साली मॅराडोना ट्युनिशियात या पंचांच्या घरी गेला आणि त्याने त्यांना सही केलेला सदरा भेट दिला. गोलाचा धनी आणि चुकीचा धनी असे दोन वृद्धत्वाकडे झुकलेले पुरुष एकमेकांना भेटले, हे त्या कथेचे शेवटचे पान.

क्रिकेटने या बाबतीत आधी पाऊल टाकले. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबानच्या कसोटीत पडद्यावरच्या चित्राच्या आधारे धावबाद ठरलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकरच होता. फुटबॉलचे नियामक मंडळ मात्र बधेना. अखेर २७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या स्पष्ट आत पडूनही जर्मनीविरुद्धचा तो गोल नाकारला गेला. फिफाच्या अध्यक्षांना क्षमा मागावी लागली. २०१२ साली गोलरेषेवरील यंत्रास मान्यता मिळाली आणि मार्च २०१८ मध्ये चित्रफितीची फेरतपासणी, म्हणजेच व्हीएआर, नियमांत आली. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि एका खेळाडूऐवजी दुसऱ्यास झालेली शिक्षा, एवढ्या चारच बाबींत ही तपासणी सुरू झाली. उघड चूक असेल तरच पडद्यासमोरच्या पंचाने बोलावे. अंतिम शब्द मात्र मैदानातल्या पंचाचाच.

आता मैदानावर तिघे, कडेला चौथा आणि पडद्यासमोर पाचवा. खरोखरीच पाच झाले. मग परमेश्वर बोलू लागला काय?

मी पेशाने शिक्षक आहे, म्हणून माझ्या धंद्यातला दाखला देतो. उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीत गुणांची बेरीज चुकलेली असेल, तर ती निर्विवाद सुधारता येते. परंतु निबंधाला सहा गुण द्यावे की आठ, याचे उत्तर दुसरा तपासनीसही छातीठोकपणे देऊ शकत नाही. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, ही बेरीज आहे. हाताला चेंडू लागला तो गुन्हा होता की नाही, हा निबंध आहे. १५ जुलै २०१८ रोजी मॉस्कोतील अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे पंच पिताना यांनी पडद्यावर दृश्य पुनःपुन्हा पाहून फ्रान्सला पेनल्टी दिली. सर्वांनी तेच चित्र पाहिले. तरीही मते दोन झाली.

आणि चित्र अगदी बिनचूक असूनही न्याय चुकू शकतो. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटेनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. पडद्यासमोरच्या पंचाने तो ऑफसाइड नसल्याचे बरोबर पाहिले. परंतु मैदानावर गोल दिलेलाच आहे, अशा समजुतीने त्याने तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले. खेळ पुढे सुरू झाला, गोल गेला तो गेलाच, आणि लिव्हरपूल १–२ असा हरला. वेम्बलीत दोघांना समान भाषा नव्हती. येथे भाषा एकच होती, तरी बोलणे पोहोचले नाही.

मग हे यंत्र टाकून द्यावे काय? माझे मत तसे नाही. बारा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत वर्गावर्गांतील अंतिम सामन्याला मी पंच होतो. चेंडू रेषेवरून मागे आला, मी दूर होतो, गोल नाकारला. एक वर्ग रडत घरी गेला. संध्याकाळी जिंकलेल्या वर्गाचा गोलरक्षक माझ्यापाशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, “सर, बॉल आत गेला होता. मी तेव्हा बोललो नाही.” दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलांसमोर मी माझी चूक सांगितली. ढाल मात्र जिंकलेल्या वर्गाकडेच राहिली. शिटी वाजून गेली होती.

त्या क्षणी माझ्याजवळ पडदा असता, तर मी तो आनंदाने पाहिला असता. त्या मुलाची रात्रही बरी गेली असती. पडदा पंचाचा अपमान करीत नाही. तो त्याला वेळेवर चूक सुधारण्याची संधी देतो. परंतु सत्य सर्वांत आधी कळते ते यंत्राला नव्हे, तर चेंडूजवळच्या खेळाडूला. वेम्बलीचा वाद कदाचित कोणालाच उलगडला नसता. पण मेक्सिकोत एका माणसाला सारे ठाऊक होते. पंच कितीही वाढवले, तरी त्या पहिल्या साक्षीदाराची जागा अजून रिकामीच आहे. आमच्या गोलरक्षकाने ती भरली. उशिरा का होईना, पण भरली.