जुना कॉम्प्युटर हँग होतोय? आधी रॅम बघा, प्रोसेसर नंतर

जामखेड : मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा, सातबारा अशा कामांसाठी तालुक्यात अनेक घरांत जुना किंवा सेकंडहँड घेतलेला कॉम्प्युटर आहे. तो चालू व्हायलाच पाच-दहा मिनिटं लागतात आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी नेमका हँग होतो. अशा वेळी नवीन मशीन घेण्याआधी काय बदलता येतं, ते समजून घ्या.

कोण काय काम करतं?
मळणीचं उदाहरण घ्या. प्रोसेसर म्हणजे मळणी यंत्र, रॅम म्हणजे खळं आणि हार्ड डिस्क म्हणजे कोठार. खळं लहान असेल तर यंत्र कितीही मोठं आणा, माल ठेवायलाच जागा नसते. म्हणून बहुतेक जुन्या मशीनला आधी रॅम लागते, प्रोसेसर नाही.

दोष कुठे आहे ते आधी बघा
नेहमीची कामं चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स बघा.
- मेमरी सतत ८०-९० टक्के भरलेली असेल तर रॅम वाढवा.
- डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा.
- सीपीयू कायम १०० टक्के असेल तरच प्रोसेसरचा विचार करा. त्याआधी व्हायरस तपासा आणि फॅनवरची धूळ काढा. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

रॅम घेताना
डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, दोन्हींची खाच वेगळ्या ठिकाणी असते. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. ४ जीबी असेल तर ८ जीबी करा, घरच्या कामाला तेवढी पुरते. मात्र विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम ती वापरत नाही, आधी ६४ बिटची टाकून घ्यावी लागते.

प्रोसेसर बदलताना
मदरबोर्डचा सॉकेट जुळला तरच प्रोसेसर बसतो. इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी ११५५ सॉकेटची आहे, चौथी पिढी ११५० ची. त्यामुळे दुसऱ्या पिढीच्या आय-३ जागी त्याच पिढीचा आय-५ बसू शकतो, चौथ्या पिढीचा नाही. मदरबोर्डचा नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरची यादी बघा. बसवताना जुनी थर्मल पेस्ट पुसून नवीन लावावीच लागते. सॉकेटमधली एक पिन वाकली तरी बोर्ड वाया जाऊ शकतो, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. लॅपटॉपचा प्रोसेसर बहुधा बोर्डलाच जोडलेला असतो, त्याच्या नादी लागू नका.

खर्च करण्याआधी एवढं लक्षात ठेवा
विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी कंपनीच्या नियमाप्रमाणे इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या मशीनवर प्रोसेसरला पैसे घातले तरी ती अडचण सुटत नाही. तिथे रॅम आणि एसएसडीवर थांबा, आणि बँकेचे व्यवहार त्या मशीनवर करू नका. सी-डॅकची बॉस लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून बघता येईल.

घरीच रॅम बसवणार असाल तर
फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या. मशीन बंद करून वायर काढा, आतल्या लोखंडी पत्र्याला हात लावा आणि मगच पट्टी धरा. सुटे भाग घेताना पक्कं बिल आणि वॉरंटी मागून घ्या. जामखेडला भाग मिळाला नाही तर नगर किंवा बीडला जाण्याआधी फोनवर नंबर सांगून खात्री करा, म्हणजे हेलपाटा होणार नाही.