खानदेशातील साहित्य व राजकारण (१९४२ पूर्व)

‘छोडो भारत’ आंदोलनापूर्वीच्या दशकात पूर्व व पश्चिम खानदेशात (विद्यमान जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) मराठी साहित्य आणि राजकारण यांचा निकटचा संबंध आला. त्याचा प्रारंभ धुळ्याच्या तुरुंगात झाला, असे म्हणता येईल. तेथे विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी गीतेवर एकूण १८ प्रवचने दिली. ती सहबंदी साने गुरुजी (१८९९–१९५०) यांनी लिहून घेतली. बोलण्यातील घरगुती सहजता लेखनातही टिकली, हे लेखनिकाचे मोठेच श्रेय होय. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील शिक्षकाची नोकरी सोडून गुरुजी १९३० मध्ये कायदेभंगात उतरले होते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ वरवर कौटुंबिक वाटते. तथापि तीतील अस्पृश्यतेविषयीची दृष्टी तत्कालीन राजकारणापासून वेगळी काढता येत नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले व शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला. त्यानंतर गुरुजींच्या लेखणीचा रोख शेतकरी-कामगारांच्या प्रश्नांकडे अधिक वळला. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले. नंदुरबार येथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता व अन्य शाळकरी मुले हुतात्मा झाली.