कानाच्या मुळाशीं असलेली लहान गांठ

एका कानानें कमी ऐकूं येऊं लागलें म्हणजे बहुतेक लोक प्रथम मळाचा संशय घेतात, मग सर्दीचा, आणि अखेरीस वयाचा. टेलिफोन नेहमींच्या कानाला लावला तर पलीकडचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहींत; तोच दुसऱ्या कानाला लावला कीं सारें स्पष्ट. रात्रीं घरांत निजानीज झाली कीं त्याच कानांत रातकिड्यांसारखा एकसुरी नाद सुरू होतो. अंधारांत जिना उतरतांना हात नकळत कठड्याकडे जातो. अशीं लक्षणें असलेल्या पुष्कळांच्या बाबतींत कारण साधेंच निघतें. थोड्यांच्या बाबतींत मात्र चुंबकीय चित्रणानंतर, म्हणजे एम्. आर्. आय्. नंतर, डॉक्टर सांगतात कीं, कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर वाटाण्याहूनहि लहान अशी एक गांठ आहे. ती कर्करोगाची नाहीं. तूर्त कांहीं करावयाचें नाहीं, सहा महिन्यांनीं पुन्हां चित्र काढूं. या गांठीचें रूढ वैद्यकीय नांव अकूस्टिक न्यूरोमा.

डोक्यांत गांठ आहे आणि कांहीं करावयाचें नाहीं, हीं दोन विधानें एका दमांत ऐकून घरीं परतणारा हा रोगी वैद्यकाच्या इतिहासांत अगदीं नवा आहे. पन्नास वर्षांपूर्वीं तो जवळजवळ नव्हताच. गांठ असे, लक्षणेंहि असत. पण ती इतकी लहान असतांना तिची ओळख पटविण्याचें खात्रीचें साधन कोणापाशीं नव्हतें. हा रोगी कसा अस्तित्वांत आला, तें आज पाहावयाचें आहे.

प्रथम एक खुलासा. या गांठीचें नांवच मुळांत चुकलेलें आहे. आठवा मज्जातंतु हा दोन धाग्यांचा गोफ आहे: एक धागा श्रवणाचा, दुसरा शरीराचा तोल राखणाऱ्या इंद्रियाचा. गांठ बहुधा उगवते ती तोलाच्या धाग्यावर, आणि तीहि प्रत्यक्ष तंतूंतून नव्हे, तर त्याच्या वेष्टणाच्या पेशींतून. या पेशींना जर्मन शास्त्रज्ञ टेओडोर श्वान याचें नांव आहे. म्हणून १९९१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें भरविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनें 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' हें नांव वापरावें असें सुचविलें. जुनें नांव मात्र अद्यापि सुटलेलें नाहीं. गांठ तोलाच्या धाग्यावर, तर तक्रार कानाची कां? कारण तिची वाढ फार मंद असते. वाढली तर वर्षाला एक-दोन मिलिमीटर, आणि कित्येकदां तेवढीहि नाहीं. त्यामुळें एका बाजूचा तोल जसजसा क्षीण होतो, तसतसा मेंदू दुसऱ्या बाजूच्या बळावर कारभार सांवरून घेतो. श्रवणाच्या धाग्याला असा बदली कामगार मिळत नाहीं. हाडांतील एका अरुंद बोगद्यांत हे दोन्ही धागे एकमेकांस लागून असतात, आणि त्याच बोगद्यांतून चेहऱ्याचे स्नायू हालविणारा सातवा मज्जातंतुहि जातो. हा शेजार लक्षांत ठेवावा. पुढील पुष्कळसा इतिहास त्याच्यामुळेंच घडला.

१७७७ सालीं हॉलंडमधील लायडन येथें एडुआर्ड सांडिफोर्ट या शरीरशास्त्रज्ञानें एका प्रेताच्या विच्छेदनांत श्रवणतंतूला चिकटलेला एक लहान, कठीण गोळा पाहिला व त्याचें वर्णन छापलें. तेथें औषधाचाहि हात पोंचावयाचा नाहीं व शस्त्राचाहि नाहीं, असें त्याचें मत पडलें. पुढील शंभर वर्षांत त्यांत फारसा फरक पडला नाहीं. लंडनचा चार्ल्स बेल, पॅरिसचा झां क्रूव्हेल्ये यांनीं रोग्यांचीं वर्णनें लिहिलीं तीं मन लावून, पण त्या साऱ्या वर्णनांचा शेवट शवविच्छेदनाच्या मेजावर होतो. क्रूव्हेल्येनें सांगितलेली एका तरुण स्त्रीची हकीकत तर फारच करुण आहे: आधीं बहिरेपणा, मग डोकेदुखी, मग दृष्टि जाणें, मग मृत्यु. त्या काळांत ही गांठ मरणानंतरच 'दिसे'.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शस्त्रवैद्य धीट झाले. १८९४ मध्यें लंडन येथें चार्ल्स बॅलन्स यानें अशा जागेची एक गांठ काढली, आणि ती मेंदूपासून सोडविण्यासाठीं त्यानें आपलें बोट मध्यें सारलें. रोगी स्त्री जगली, परंतु चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली व त्या बाजूचा डोळाहि गेला. दुसऱ्याच वर्षीं एडिंबर येथें टॉमस ॲनंडेल यानें एका गर्भवती तरुणीवर शस्त्रक्रिया केली. ती बरी झाली आणि पुढें यथाकाळ प्रसूत झाली. हें यश अपवादात्मक होतें. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपांतील नामांकित शस्त्रवैद्यांच्या हातूनहि शंभरांत सत्तर-ऐंशी रोगी दगावत. बोटानें गांठ खेंचून काढतांना जवळची एक बारीक रक्तवाहिनी तुटे आणि मस्तिष्कस्तंभाचा रक्तपुरवठा बंद पडे. त्या रक्तवाहिनीचें महत्त्व नीट उलगडून दाखविणारा ॲटकिन्सन याचा लेख १९४९ चा आहे, हें सांगितलें म्हणजे त्या पिढ्या किती अंधारांत चांचपडत होत्या तें कळेल.

अशा वेळीं १९१७ सालीं बोस्टनच्या हार्वे कुशिंग यानें या गांठींवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शस्त्रवैद्य या नात्यानें त्याची कामगिरी मोठी आहेच: वेष्टण जागच्या जागीं ठेवून आंतील गर तेवढा कोरून काढण्याची सावध पद्धत त्यानें स्वीकारली आणि मृत्यूंचें प्रमाण शेंकडा वीसच्या आसपास आणलें. पण माझ्या मतें त्याचें खरें ऋण निराळें आहे. त्यानें रोग्यांना 'आतां काय होतें' एवढेंच न विचारतां 'पहिल्यानें काय झालें' हें विचारलें. डोकें दुखतें, डोळ्यांपुढें अंधारी येते, झोक जातो, अशा तक्रारी घेऊन आलेला मनुष्य बोलतां बोलतां सांगे कीं, कांहीं वर्षांपूर्वीं एक कान मंद झाला होता, त्यांत नाद येई. पण त्याचें विशेष कांहीं वाटलें नाहीं. कुशिंगनें लक्षणांचा क्रम लावला. आरंभ कानापासून व तोलापासून, नंतर डोक्याच्या वेदना, मग चालण्यांतील अव्यवस्था, मग शेजारच्या मज्जातंतूंची बधिरता, मग मेंदूवरील दाब, आणि शेवटीं बोलणें, गिळणें, श्वास यांचाच अडथळा. आज ज्याला 'लहान गांठ' सांगितली जाते, तो या शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा असतो. कुशिंगच्या काळीं त्या पायरीवर कोणी रोगी सांपडतच नसे; ती जुन्या आठवणींतून शोधून काढावी लागे.

त्याचाच पूर्वीचा शिष्य, बाल्टिमोरचा वॉल्टर डँडी, याला हें अर्धें काम पसंत नव्हतें. मागें राहिलेला भाग पुन्हां वाढतो, म्हणून गांठ वेष्टणासकट समूळ काढली पाहिजे असा आग्रह त्यानें धरला व १९२२ पासून तो छापूनहि सांगितला. गुरुशिष्यांत त्यावरून जें वितुष्ट आलें, तें वैद्यकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. पण डँडीच्या यशाची किंमत बहुधा चेहऱ्यानें मोजली जाई, कारण सातवा मज्जातंतु क्वचितच वांचे. चेहरा वांचूं लागला तो १९६० नंतर, लॉस अँजेलिसच्या विल्यम हाउस या कर्णवैद्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं कानामागचें हाड कोरून आंत शिरण्याचा मार्ग प्रशस्त केल्यावर. मेंदूच्या प्रांतांत एका कानाच्या वैद्यानें शिरावें, हें मेंदूच्या शस्त्रवैद्यांना प्रथम मुळींच रुचलें नव्हतें. त्याच दशकाच्या अखेरीस स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यानें कवटी न उघडतां गॅमा किरणांचे अनेक झोत गांठीवर एकवटून तिची वाढ थांबविण्याचा उपाय काढला. या गांठीवर त्याचा पहिला प्रयोग १९६९ चा.

आणि मग चुंबकीय चित्रण आलें. १९८० नंतरच्या दशकांत तें रुग्णालयांत रुळलें, आणि त्या दशकाच्या अखेरीस गॅडोलिनियम हें द्रव्य शिरेंतून देऊन चित्र काढण्याची सोय झाली. तेव्हांपासून बोगद्याच्या आंतच असलेली तीन-चार मिलिमीटरांची गांठहि कागदावर पांढऱ्या ठिपक्यासारखी उमटूं लागली. स्वीडनचा फोल्के हेन्शेन यानें ही गांठ बोगद्यांतच जन्मते असें १९१० मध्येंच सांगितलें होतें. पण त्या काळच्या क्ष-किरणांना फार तर रुंदावलेला बोगदा दिसे, गांठ नव्हे. पहिल्या पायरीवरचा मनुष्य आतां कोठें वैद्याच्या नजरेस पडला.

तो पडला, पण त्याला द्यावयास वैद्यापाशीं काय होतें? हत्यारें सारीं मोठ्या गांठींसाठीं घडविलेलीं. शस्त्रक्रियेनें किंवा किरणांनीं गेलेलें श्रवण परत येत नाहीं; उरलेलें टिकलें तर नशीब. कानांतील नाद तर आणखी विलक्षण आहे. आपल्या वैद्यकानें त्याला सुश्रुताच्या काळापासून 'कर्णनाद' म्हटलें आहे. नाद कानांत आहे असें वाटतें. परंतु गांठीबरोबर संबंध मज्जातंतु कापून टाकल्यावरहि पुष्कळांचा नाद चालूच राहिल्याचें शस्त्रवैद्यांनीं पाहिलें आहे. कानाकडून येणारी बातमी तुटली म्हणजे मेंदू ती रिकामी जागा स्वतःच भरूं पाहतो, असें त्याचें स्पष्टीकरण दिलें जातें. म्हणूनच निःशब्द खोलींत तो असह्य होतो आणि पंख्याच्या घरघरीनें किंवा मंद लावलेल्या रेडिओनें मागें सरतो.

'गांठ लहान आहे' हें वैद्याचें माप मिलिमीटरांत असतें. घरांतलें माप निराळें. चार मिलिमीटरांच्या गांठीनें एक कान निकामी होऊं शकतो आणि तिच्या तिप्पट गांठीनें फारसें कांहीं बिघडत नाहीं, असेंहि होतें. दोन कानांवर आवाज किंचित् पुढें-मागें व कमी-अधिक जोरानें पडतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवितो. एक कान गेला म्हणजे मोटारीचा कर्णा ऐकूं येतो, पण ती कोणीकडून येते तें कळत नाहीं. पंगतींत, लग्नघरीं, चार माणसें एकदम बोलूं लागलीं कीं शेजारच्याचे शब्द त्या कोलाहलांत विरून जातात, आणि घरचीं माणसें म्हणतात, 'लक्षच नसतें यांचें.' हा आरोप अन्यायाचा आहे, आणि तो टाळणें अवघड नाहीं. चांगल्या कानाच्या बाजूला बसावें, समोर येऊन बोलावें, दुसऱ्या खोलींतून हांका मारूं नयेत. मंद कानाकडचा आवाज टिपून चांगल्या कानाकडे पोंचविणारें यंत्र १९६५ पासून उपलब्ध आहे; कित्येकांना त्याचा उपयोग होतो, कांहींना तें नकोसें वाटतें.

तोलाची गोष्ट मात्र आशादायक आहे, आणि ती या गांठीच्या इतिहासांतून आलेली नाहीं, दुसऱ्या महायुद्धांतून आलेली आहे. इंग्लंडांत कर्णवैद्य टेरेन्स कॉथॉर्न आणि त्याचा सहकारी कुक्सी यांच्यापुढें डोक्याला इजा झालेले आणि कानांतील तोलाचें इंद्रिय गमावलेले रोगी होते. अशा रोग्यांना निजवून ठेवण्याची तोंवरची रीत त्यांनीं उलटी केली. प्रथम नुसते डोळे वरखालीं फिरवावयाचे, मग डोकें, हळू व नंतर जलद. मग बसून चेंडू एका हातांतून दुसऱ्या हातांत टाकावयाचा. मग उभें राहून, खोलींत चालून, जिना चढून उतरून, आधीं उघड्या डोळ्यांनीं व नंतर मिटून. ज्या हालचालीनें घेरी येते तीच जपून पुन्हां पुन्हां केली, तरच मेंदू नवा हिशेब शिकतो. १९४६ सालीं छापलेले हे व्यायाम थोड्याफार फरकानें आजहि शिकविले जातात. अर्थात् ते प्रथम जाणत्याच्या देखरेखीखालीं करावे. डोळे आणि पायांखालची जमीन हे तोलाचे उरलेले दोन आधार असल्यानें रात्रीं वाटेंत दिवा असावा, आणि खडबडीत रस्त्यावर काठी धरण्यांत कमीपणा मानूं नये.

'थांबूं आणि पाहूं' हें धोरण भित्रेपणाचें आहे काय, या शंकेला उत्तर मिळावयास बराच काळ लागला. कोपनहेगन येथील वैद्यांनीं उपचार न करतां नजरेखालीं ठेवलेल्या ५५२ रोग्यांचा वृत्तांत २००६ मध्यें प्रसिद्ध केला. बोगद्यांतच असलेल्या गांठींपैकीं शेंकडा १७ वाढल्या, बाहेर आलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें २९. आणि ज्या वाढल्या त्या निदानानंतरच्या पहिल्या पांच वर्षांच्या आंतच. म्हणून आरंभीचीं चित्रणें चुकवूं नयेत. मात्र गांठ वाढत नसतांहि ऐकणें हळूहळू कमी होऊं शकतें, हेंहि त्याच देशाच्या निरीक्षणांतून दिसलें. चेहऱ्याला बधिरता किंवा लुळेपणा आला, चालतांना झोक जाऊं लागला, डोकेदुखी नव्यानें जडली, अथवा कान एकाएकीं बसला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहतां वैद्याला गांठावें.

त्यापुढचें पाऊल नॉर्वेंतील बर्गेन येथें पडलें. २०१४ ते २०१७ या काळांत तेथें लहान व मध्यम गांठीचें नवें निदान झालेल्या १०० रोग्यांचे यदृच्छेनें दोन गट पाडण्यांत आले. एका गटाला लागलीच किरणोपचार, दुसऱ्याला नुसती देखरेख. चार वर्षांनीं पाहतां किरण दिलेल्या गांठी सरासरीनें आक्रसल्या होत्या, दुसऱ्या गटांतील वाढल्या होत्या. आणि तरीहि ऐकणें, नाद, तोल, रोजचें जीवन यांच्या बहुतेक मापांत दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाहीं. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाप्रमाणें देखरेखीखालील शेंकडा ४२ रोग्यांना गांठ वाढल्यामुळें मध्यंतरीं किरणोपचार घ्यावे लागले. शेंकडा ५६ मात्र चार वर्षें संपलीं तेव्हां कोणताहि उपचार न घेतां आपल्या कामधंद्यावर होते.