पित्ताची गोळी

दसरा तोंडावर आला की माझ्या मेडिकलच्या पायरीवरून हमखास आवाज येतो, "भाऊ, पित्ताची गोळी द्या." माझा उलटा प्रश्नही ठरलेला असतो, "आंबट ढेकर येतात, का अंगावर उठलंय?" आपल्या भाषेत दोन्हीला पित्तच म्हणतात, पण गोळ्या दोन वेगळ्या. सुरुवातीला एकदा न विचारताच पोटाची गोळी दिली होती. तो गडी दुसऱ्या दिवशी डोळे सुजवून दारात उभा. तेव्हापासून विचारतो.

दुकान 1979 मध्ये टाकलं. पहिल्या बिलबुकावर 'परतूर, जि. परभणी' छापलं होतं. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, परतूर तिकडे गेलं आणि उरलेल्या पावत्यांवर मी वर्षभर परभणी खोडून जालना लिहीत बसलो. रोगाचं नाव असं एका दिवसात बदलत नाही. त्याला निम्मं आयुष्य गेलं.

वैद्य सांगत, पावसात साचलेलं पित्त शरदाच्या उन्हानं खवळतं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात या ऋतूसाठी कडू औषधांचं तूप, जुलाब आणि रक्त काढणं सांगितलंय. आमच्या आजीनं वाग्भटाचं नाव ऐकलेलं नव्हतं. अंगावर गांधी उठल्या की ती आमसुलाचं पाणी चोळायची आणि काळ्या घोंगडीत गुंडाळून बसवायची. लोकरीनं आधीच खाजणारं अंग आणखी खाजायचं, पण ओरडायची सोय नव्हती.

शिंकांना तर कुणी आजारच मानत नसे. घटस्थापनेआधी दसरा काढायचा, म्हणजे घरातलं एकूण एक भांडं बाहेर, गोधड्या दुधनेवर धुवायला आणि माळवदाच्या तुळया झाडायच्या. वर्षभराची माती डोक्यावर पडायची. आई नाकाला पदर बांधून झाडायची आणि पुढचे आठ दिवस शिंकायची. विचारलं तर म्हणे, "दसऱ्याची सर्दी आहे." व्हिएन्नाच्या पिर्केनं 'अ‍ॅलर्जी' हा शब्द 1906 मध्ये काढला होता. माझ्या काउंटरवर तो डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांमधून ऐंशीच्या दशकात पोचला.

त्याच सुमारास शेतातून वेगळीच तक्रार यायला लागली. पापण्या, मान, कोपराच्या खोबणी काळ्या पडलेल्या, कातडी जाड झालेली. दर पावसाळ्यात सुरू होई, दिवाळीपर्यंत टिके. कारण होतं गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. बांधावरच्या बाया त्याला चटकचांदणी म्हणत. इतक्या दुष्ट झाडाला इतकं गोड नाव!

जुनी माणसं ठासून सांगायची, की 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आली, तिच्यातून हे बी आलं. शहरातले लोक पीएल-480 या अमेरिकी योजनेतल्या गव्हाचं नाव घेतात. मी तारखा लावून पाहिल्या. पुण्यात हे गवत 1955 मध्ये नोंदलं गेलं आणि पीएल-480 चा भारताशी करार झाला 1956 च्या ऑगस्टात. करारावरचा आरोप काही टिकत नाही. अमेरिकी गहू मात्र 1951 पासूनच कर्जावर येत होता, तेव्हा धान्य अगदीच निर्दोष ठरत नाही. मिलोला मी दोष देत नाही. त्या वर्षी तिच्या भाकरीवर आमच्या गल्लीतली घरं जगली.

या गवतातलं पार्थेनिन वाळल्या काडीतही राहतं. म्हणून उपटून बांधावर फेकलं तरी त्याचा धुरळा मानेवर बसतो. 1984 मध्ये बंगळूरला त्याच्यासाठी मेक्सिकन भुंगे आणून सोडले. ते पानं खातात, पण परतूर स्टेशनलगत रूळाच्या कडेला चांदणी अजून पांढरीशुभ्र फुलते.

पुढे कापसाच्या जागी सोयाबीन आलं आणि त्याच्यामागं हडंबा, म्हणजे मळणीयंत्र. आश्विनात मळणी लागली की गुळीचा ढग उठतो. हडंब्यावरची पोरं तोंडाला गमछा बांधून रात्री दहाला दुकानात येतात, डोळे लालभडक, शब्दाला एक शिंक.

गोळ्याही बदलल्या. बोव्हे नावाच्या शास्त्रज्ञानं हिस्टामिनला अडवणारं पहिलं औषध 1937 मध्ये शोधलं, त्याला 1957 चं नोबेल मिळालं. आमच्याकडे बराच काळ एव्हिलच चाले. खाज थांबे आणि माणूसही थांबे. एक शेतकरी गोळी घेऊन बैलगाडीत बसला आणि झोपला. बैलांनीच त्याला घरी नेऊन सोडलं. सेट्रिझिननं झोप थोडी कमी केली. मलमांचं मात्र वाईट झालं. लोक पाच रुपयांची स्टिरॉइडची ट्यूब गोरं व्हायची क्रीम म्हणून नेत, चेहऱ्याची कातडी पातळ होऊन लाल व्हायची. आम्हीही विकल्या, हे कबूल करतो. सरकारनं 2018 मध्ये अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, हे बरं झालं.

परवा कॉलेजचा एक पोरगा आजीला घेऊन आला. "काका, अ‍ॅलर्जीची गोळी." आजीनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं, "पित्ताची म्हण, पित्ताची." मी सवयीनं विचारलं, "आजी, ढेकर येतात, का अंगावर उठलंय?"

त्यांनी काही न बोलता बाही वर केली.